रेच्यापाशी जाऊन सांगणारे मिस्त्री

सकाळी इंजिन सोडून कापसाचे रेचे फिरवण्याआधी आमचे मिस्त्री एकेका रेच्यापाशी जात, तिथं कामाला बसलेल्या बाईसमोर उभे राहत अन् म्हणत, “हा आज चालू हाय. सांग, मी काय म्हणलो?” तिनं तेच परत म्हटल्याशिवाय पुढं सरकत नसत. कौसाबाई चिडायची, रोज काय पोपटावानी बोलायला लावता म्हणायची.

“पोपटाले हात नाही, माय. तुले हायेत.”

आमचं जिनिंग अमरावतीजवळ. कापसातून सरकी काढणारे सगळे रेचे एकाच तेलाच्या इंजिनावर फिरत. त्यांचे पट्टे खाली तळघरात. आज कोणता रेचा चालवायचा ते मिस्त्री सकाळी ठरवत अन् तसा पट्टा चढवत. वर बसलेल्या बाईला त्यातलं काही दिसत नसे. मी तेल घालायचो. दुसरीतून शाळा सोडलेला, पण कोणाचं ऐकून घेणारा नव्हतो. मिस्त्रींचं तेवढं ऐकायचो.

मग अकोल्याहून नवा मॅनेजर आला. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या. रोजची ही आरती बंद करा, दारातूनच ओरडून सांगा, म्हणाला. मिस्त्रींनी मनावर घेतलं नाही. एका सकाळी तो इंजिनापाशीच येऊन उभा राहिला अन् दारातून सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका म्हणाला. मिस्त्रींच्या घरी खाणारी तोंडं होती. ते दारातून ओरडले अन् इंजिन सोडलं.

कौसाबाईचा रेचा आदल्या दिवशी पातं घासायला बंद होता. तो आज चालू आहे हे तिच्यापर्यंत पोचलंच नाही. अडकलेला कापूस काढायला तिचा हात आत होता.

मालकानं विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, मिस्त्रींनी सांगितलं होतं, मी स्वतः ऐकलं. तेव्हा मी तोंड उघडलं, म्हटलं, घाई या मॅनेजरनंच करायला लावली. मिस्त्रींनी मलाच अडवलं.

“इंजिन म्या सोडलं. त्याईचं नाव कावून घेतं?”

तुम्ही याला मोठेपणा म्हणाल. मी म्हणत नाही. त्या मॅनेजरला सुटू द्यायचं नव्हतं. मला मिस्त्रींचा त्याबद्दल अजून राग आहे.

मालकानं मिस्त्रींना कामावरून काढलं, मग ते कुठं गेले कळेना. दवाखान्यात कौसाबाईला पाहायला गेलो, तर तिच्या खाटेशी जमिनीवर बसलेले. बशीत चहा ओतून तिच्या तोंडाशी धरलेला. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी म्हटलं, मिस्त्री, चला आता. ते उठले नाहीत. चहावर साय धरली, तरी बशी तशीच धरून होते.