गाईला सांगितलेली कढी

माझी बायको पहिल्या बाळंतपणासाठी कल्याणला माहेरी गेली, तेव्हा मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो आणि मला भात सोडून काही म्हणजे काही रांधता येत नव्हतं. बायका बाजूला बसल्या की पुरुषांनी चूल सांभाळायची, असा आमच्याकडे रिवाज होता. पण माझ्या लहानपणी घरात दोन आत्या होत्या, त्यामुळे माझ्यावर ती पाळी कधी आलीच नाही. लग्नानंतरही महिन्यातले ते दिवस मी दहीभातावर काढायचो.

जाताना तिने बरणीभर मेतकूट करून ठेवलं. "भात मऊ करा, वर तूप-मेतकूट घाला, निभेल तुमचं," असं म्हणाली. निभलं खरं, पण बरणीचा तळ दिसू लागला आणि माझ्या ताटात नुसता पांढरा भात उरला.

आम्ही तळ्याजवळच्या एका कौलारू घराच्या अर्ध्या भागात राहत होतो. उरलेल्या अर्ध्यात कोर्टातले एक कारकून आणि त्यांची बायको. दोघांची मुलं मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागलेली. आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरात कारवीचा शेणानं सारवलेला कूड होता. तो आढ्यापर्यंत पोचत नव्हता, त्यामुळे एकीकडची फोडणी दुसरीकडे शिंक आणायची. मागे त्यांचा गोठा होता आणि गोठ्यात एक तांबडी गाय. सुरुवातीला दोन दिवस त्यांच्याकडून मला ताट आलं. तिसऱ्या दिवशी मीच भिडेनं नको म्हटलं, आणि मेतकूट संपल्यावर उपाशी राहायची वेळ आली.

एका सकाळी मी धीर करून तुरीची डाळ चुलीवर ठेवली आणि ओट्यावर जाऊन वाचत बसलो. करपल्याचा वास आल्यावर धावत आत आलो, तर गोठ्यातून खणखणीत आवाज आला.

"अगं बये, डाळ चुलीवर टाकून कुणी बाहेर जातं का? आता वरवरची डाळ दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावी. तळ अजिबात खरवडू नये. अन् पाणी घालायचं ते कढत घालावं, गार नव्हे."

मी खिडकीतून डोकावलो. शेजारच्या काकू माझ्याकडे पाठ करून गाईला पेंढा घालत होत्या. गाय शांतपणे रवंथ करत होती. दुसरं कुणी तिथे नव्हतंच.

त्या काळी, बायको घरी नसलेल्या परक्या पुरुषाशी बोलणं कुणाही गृहिणीला शोभलं नसतं. माझी बायको होती तेव्हासुद्धा काकू मला पाहताच पदर सावरून आत जायच्या. त्यांचा चेहरा मी कधी नीट पाहिलेला नव्हता. पण गाईशी बोलायला कुणाची हरकत असणार?

मी वरवरची डाळ काढून घेतली, मीठ घातलं. किंचित धुरकट लागलं, पण वरण होतं ते. भातावर घेऊन वर तूप सोडलं आणि हात चाटून पुसून जेवलो.

तेव्हापासून गाईची शिकवणी रोज सुरू झाली. "डाळ शिजतानाच हळद-हिंग घालावं गं, म्हणजे आतपर्यंत मुरतं." "पिठल्याचं पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यावं. आधणात कोरडं भुरभुरवलं की होतात त्या गाठी." ही दुसरी सूचना एक दिवस उशिरा आली. तोवर मी गाठींचं पिठलं भातावर घेऊन, एकेक गाठ बोटानं फोडत, जेवून कचेरीत गेलो होतो.

काही दिवसांनी मलाही धीटपणा आला. दुधी भोपळ्याची सालं घेऊन मी गोठ्यात गेलो. कुडापलीकडे भांडी वाजत होती. गाईपुढे सालं टाकली आणि जरा मोठ्यानं म्हणालो, "काय करावं बुवा, कढी केली की फुटते. वर पाणी अन् खाली चोथा."

भांड्यांचा आवाज थांबला. मग आतून आवाज आला.

"उकळू दिली तर फुटेलच की! ताकाला आधी चमचाभर डाळीचं पीठ लावावं, चांगलं घुसळावं. आलं, मिरची, हळद, कढीलिंब, चवीला गूळ. चुलीतली लाकडं मागे ओढावीत आणि ढवळत राहावं. वाफ आली, कडेनं फेस दिसला की उतरवावी. कळलं का गं?"

"कळलं," मी म्हणालो. गाईच्या वतीनं.

पलीकडे काकूंना हसू आवरेना, ते तोंडात पदर कोंबूनही ऐकू आलं.

त्या दिवशीची कढी मी वाटीनं प्यालो आणि मग भातावर घेतली. एवढं पिवळंधमक, गुळगुळीत काही माझ्या हातून झालं, याचा मला कितीतरी वेळ विश्वास बसेना. संध्याकाळी काकूंचे यजमान ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मला म्हणाले, "आमच्या घरी हल्ली गाईशी फार गप्पा चालतात. दूधही वाढलंय म्हणे." आणि डोळे मिचकावले.

पुढे कल्याणहून कार्ड आलं. मुलगी झाली, दोघी खुशाल. बारशाला मला कचेरीतून रजा मिळाली नाही, म्हणून त्यानंतरच्या रविवारी दुपारच्या गाडीनं कल्याणला जायचं ठरवलं. त्या रविवारी सकाळी मी आंघोळ करून चूल पेटवतोय, तोच दारात सासरे उभे. उपरणं घामानं भिजलेलं, चेहरा मात्र नुसता फुललेला.

"जावईबापू, तुम्ही येणारच होता, पण मला दम धरवेना. म्हटलं, आपणच जाऊन घेऊन यावं." मग ओट्यावर टेकत म्हणाले, "आणि आज मी तुमच्याकडे जेवणार आहे."

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. एवढ्या काळात ते आमच्याकडे आले तेव्हा पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातलं प्यायचे. आज तो नेम सुटणार होता, आणि तोही माझ्या हातच्या जेवणानं!

घरात तांदूळ, डाळ, एक वांगं आणि मूठभर आमसुलं. ताक नव्हतं. मी वांगं निखाऱ्यावर ठेवलं, वरण-भाताची तयारी केली आणि स्वयंपाकघरात उभा राहून कुडाकडे तोंड करून म्हणालो, "कल्याणहून पाहुणे जेवायला आलेत. आमसुलाचं सार कसं करतात कोण जाणे."

लगेच पलीकडून आवाज आला. "आमसुलं कढत पाण्यात भिजत घालावीत गं बये! चांगली कोळावीत. मीठ, गूळ, मिरची. मग तुपात जिऱ्याची फोडणी. पातळच ठेवावं, अन् आंबट-गोड बरोबर झालं की नाही ते थेंबभर तळहातावर घेऊन पाहावं."

सासरे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलेले मला कळलं नव्हतं. "या बाई कोणाशी बोलतायत?" त्यांनी विचारलं.

"गाईशी," मी म्हणालो.

"गाईशी? अहो, गोठा तर रिकामा दिसतोय. गुराखी सगळी गुरं तळ्याकडे घेऊन चाललेला मी येताना पाहिला."

मी खाली पाहिलं. सासऱ्यांनी एकदा कुडाकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या आमसुलांकडे, आणि त्यांची मिशी थरथरायला लागली. मग ते पाट घेऊन बसले.

मी वाढलं. मऊ भात, वरण, भरीत, वाटीत सार. त्यांनी चित्राहुती घातली, साराचा भुरका मारला, डोळे मिटले. मग भातावर सार घेतलं. मग पुन्हा घेतलं. ताट स्वच्छ करून, हात धुऊन, कुडाकडे वळून ते खड्या आवाजात म्हणाले, "गाय चरून आली की सांगा हो तिला, सार उत्तम झालं होतं! नातीच्या आजोबांनी दोनदा मागून घेतलं."

पलीकडे काकू इतक्या मोठ्यानं हसल्या, की त्यांचे यजमान बाहेरून काय झालं म्हणून विचारत आत आले. थोड्या वेळानं त्यांच्याच हाती कुडाच्या या बाजूला एक खण आणि बाळासाठी जुन्या मऊ लुगड्याची दुपटी आली.

दुपारच्या गाडीनं आम्ही कल्याणला पोचलो. माजघराच्या दारापाशी बायको लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. सासूबाई पाणी आणायला वळल्या तशी ती हळूच म्हणाली, "बाबा जेवले म्हणे आपल्याकडे! काय वाढलंत त्यांना?"

"वरण-भात, भरीत आणि आमसुलाचं सार."

"कोणी केलं?"

"मी."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बाळंतपणातून उठलोय. "कढीसुद्धा येते मला," मी म्हणालो, "न फुटणारी." त्यावर ती हसायला लागली. थांबेचना. हसण्यानं मांडी हलली, लेक जागी झाली आणि तिनं टाहो फोडला. आतून सासूबाईंनी "काय झालं गं?" म्हणून विचारलं, तसं आम्हा दोघांनाही आणखीच हसू फुटलं.