केशरमावशीने उजळवलेली झबली

केशरमावशीला पिवळट कापड सहन व्हायचं नाही. बुद्धपौर्णिमेला आमच्या आंबिवलीच्या चाळीतल्या सगळ्याजणी पांढरी साडी नेसायच्या, पण हिच्याशेजारी उभं राहायला कुणी तयार नसायचं. आपली साडी लगेच कळकट दिसायची. कोलशेतच्या एका कारखान्यात तिनं अकरा वर्षं ब्लीचच्या हौदावर काढली होती. हातांची सालपटं निघायला लागली तेव्हा नोकरी सोडून ती शिलाई मशीन घेऊन घरी बसली. बसली कसली, आम्हा पाचजणींनाही बसवलं.

चौऱ्याण्णव साली ठाण्याच्या एका संस्थेतला गुरुदत्त आमच्याकडे कापड घेऊन आला. परदेशातल्या एका दुकानासाठी बाळांची बारा झबली नमुना म्हणून शिवायची होती. पसंत पडली तर वर्षभर काम, तेही रास्त दरानं. म्हणजे दलालाच्या दारात ताटकळणं कायमचं संपणार होतं. गुरुदत्त आणखीही बरंच बोलला, पण मशिनी सुरू होत्या आणि आम्ही आपलं कामापुरतं ऐकलं.

झबली सुरेख झाली. काजं-बटणं माझी होती म्हणून म्हणत नाही. फक्त कापड सायीच्या रंगाचं आणि मधेमधे बारीक तपकिरी ठिपके. मावशीला चैन पडेना.

"परदेशात जाणारा माल असा मळका पाठवायचा? नाव कोणाचं जाईल?"

तिनं ब्लीचिंग पावडर कालवली, वर नीळ दिली आणि बाराच्या बारा झबली लखलखीत करून दोरीवर टाकली. आम्ही कौतुकानं बघत राहिलो.

न्यायला आलेला गुरुदत्त मात्र दोरीकडे बघून मटकन खालीच बसला.

"केशरबाई, अहो हे काय केलंत? विदर्भातल्या शेतकऱ्यांनी औषध न फवारता पिकवलेला कापूस आहे हा. त्यांच्या अंगात, विहिरीत विष जाऊ नये म्हणून. ब्लीचही म्हणूनच केलेलं नाही. ते पाणी शेवटी आपल्याच खाडीत जातं. आणि ते ठिपके म्हणजे मळ नव्हे, सरकीच्या टरफलाचे आहेत."

"जाऊ दे ना मावशी," मी म्हटलं, "तिकडे कोणाला कळतंय?"

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मी सुई ओवायला घेतली.

"त्या माणसानं एवढं जपून पिकवलं, आणि आपण खोटं पाठवायचं काय गं?"

उरलेल्या तुकड्यांतून कसंबसं एक झबलं निघालं. तेवढंच पाठवलं, सोबत पत्र. मावशी सांगत गेली, गुरुदत्त इंग्रजीत लिहीत गेला: "आधी शिवलेली बारा मी माझ्या हातानं ब्लीचमध्ये बुडवली. चूक माझी आहे, बायकांची नाही. मला नको, पण त्यांना काम द्या."

पुढचा दीड महिना ती आमच्या प्रत्येक टाक्याला नावं ठेवत होती. आम्ही उसवून पुन्हा घालत होतो. आमचाही जीव टांगणीलाच होता.

एका दुपारी गुरुदत्त पाकीट नाचवत आला आणि मराठी करून वाचू लागला. "पहिलंच वाक्य आहे, 'ब्लीच हातानं कालवलंत, तर तुमचे हात आता कसे आहेत?'"

"परत वाचा," मावशी म्हणाली.

त्यानं परत वाचलं. हौदावरच्या अकरा वर्षांत एकाही मुकादमानं तिला हे विचारलं नव्हतं.

"पुढे ऐका तरी. काम मिळालंय, सगळ्यांना, तुम्हालाही."

आम्ही टाळ्या पिटल्या, कुणीतरी चहा टाकायला धावली. मावशी मात्र हात पालटून पालटून बघत होती. डोळे भरले होते आणि हसतही होती.

"उत्तर लिहा भाऊ," ती म्हणाली. "बरे आहेत म्हणावं."