वाचून दाखवायची अट

मंदीत माझी मासिकातली नोकरी गेली. नवऱ्याची टिकली, म्हणून आम्ही दुबईच्या करामा भागातच राहिलो आणि मी घरून नैरोबीच्या एका छोट्या, स्वतंत्र न्यूज वेबसाइटसाठी लिहू लागले. दुबईत आफ्रिकेतली माणसं काय करतात, हे त्यांना हवं होतं, आणि इतकी वर्षं इथे राहून मलाही ते ठाऊक नव्हतं.

तिथल्या संपादकबाईंची एकच अट होती. ज्याच्यावर लिहिलं, त्याला लेख आधी वाचून दाखवायचा. मला रागच आला. मी काय शिकाऊ होते?

पहिला लेख देरा भागातल्या बाजारात घाऊक कपडे घ्यायला आलेल्या घानाच्या एका व्यापारी बाईवर होता. तिच्या गाठोड्यांशेजारी बसून मी वाचायला लागले, "मंदीने खचलेली, डोळ्यांत उद्याची काळजी..."

तिने हात वर करून मला थांबवलं. "मी कुठे खचलेय? दुकानदार भाव पाडतायत, म्हणून मी या खेपेला जास्त माल नेतेय."

मग ती माझ्याकडे कुतूहलाने बघत राहिली.

"तुमची नोकरी कधी गेली?"

मी तिला ते सांगितलंच नव्हतं.