मलिद्याच्या ताटासमोर कुणी न सांगितलेली गोष्ट

माझा आवाज गेला तेव्हा चाळीतल्या बायकांना आधी खरंच वाटेना. मी मूळची फटकळ. नळावरच्या भांडणापासून सिनेगॉगमधल्या कीर्तनापर्यंत सगळीकडे माझा गळा पुढे आणि मी मागून. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिलेले यहुदी. मराठीतून कीर्तन करायची आमच्यात जुनी रीत आहे. पेटी, टाळ, साकी, दिंडी सगळं इतरांसारखंच, आख्यानं मात्र आमच्या संदेष्ट्यांची. मला ती आईनं शिकवली. पुढे आमचे हे पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, आम्ही चिंचवडला बिऱ्हाड केलं, आणि आई धाकट्या भावाबरोबर इस्राएलला गेली.

तिथे ती आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मी एलियाहू हन्नबीला नवस बोलले. एलियाहू हन्नबी म्हणजे जिवंतपणी अग्निरथातून स्वर्गात गेलेला आमचा नबी. अडल्यानडल्याच्या हाकेला तो कुणाच्याही रूपात येतो अशी आमची श्रद्धा. नवस फळला की त्याच्या नावानं मलिदा करायचा, म्हणजे भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची आणि भोवती फळं मांडून प्रार्थना म्हणायची. मी म्हटलं, आई बरी होऊ दे, मोठ्ठा मलिदा करीन. एका शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे आमच्या विसाव्याच्या वाराच्या, दिव्यात तेल घालत होते आणि तार आली. आई गेली होती, मूठमातीसुद्धा होऊन गेली होती. मी हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तर बाहेर नुसती हवा आली. डोळ्यांतून टिपूस नाही. त्या दिवसापासून बोलायचं म्हटलं की कुजबुज तेवढी उरली.

हे मला हसवायला म्हणाले, "चला, तुझ्याशी भांडून जिंकायची ही पहिलीच संधी!" आणि स्वतःच तोंड फिरवून ओट्यावर जाऊन बसले. मला देवाचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. कसला नबी आणि कसला रथ! माणूस जीव तोडून मागतो आणि वर कुणी ऐकतच नाही, असं वाटायचं. त्यात पिंपरीची माझी मावशीही मुलाकडे इस्राएलला कायमची निघाली होती. जाण्याआधी तिला आमच्या घरी मलिदा करायचा होता. "तुझ्या तोंडून एलियाहूचं आख्यान ऐकल्याशिवाय मी विमानात पाय ठेवायची नाय गो," ती म्हणाली. मी कुजबुजून कसलं आख्यान सांगणार, कपाळ!

घशाच्या डॉक्टरांनी घसा ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि मला पुण्यातल्या एका मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मला वाटलं, आता वेडीच ठरवणार. पण ते वयस्कर, शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, माणसाचं मन विहिरीसारखं खोल असतं, आणि जे वर बोलता येत नाही ते तळाशी जाऊन स्वप्नं होतं. एका माणसाचं ते स्वप्न, आणि सगळ्या समाजाचं मिळून झालं की पुराणकथा. गाणं, चित्र, कीर्तन, सगळं त्याच पाण्यावर पिकतं. मी फणकारून कुजबुजले, "म्हणजे आमचा एलियाहू खोटा?"

"मी कुठं खोटा म्हणालो?" ते हसले. "खोटं स्वप्न कधी कुणाला पडलंय का, बाई? मला सांगा की त्याची गोष्ट."

मी सांगितली. एलियाहू एकटा डोंगरावर उभा राहिला, खोट्या देवाच्या शेकडो पुजाऱ्यांसमोर त्यानं स्वर्गातून आग उतरवली, लोकांनी लोटांगण घातलं. मग अग्निरथ आला आणि तो वर गेला.

"एकदम?" त्यांनी विचारलं. "आगीवरून थेट आभाळात? मध्ये काहीच नाही?"

मध्ये होतं, आमच्या धर्मग्रंथात लिहिलेलंच आहे. पण ते आमच्याकडे मलिद्याला कुणी सांगत नाही. आई सांगत नव्हती, तिला शिकवणारे सांगत नव्हते. कारण आग उतरवल्यावर हाच एलियाहू, त्या पुजाऱ्यांना पाळणारी राणी जिवावर उठली म्हणून, भिऊन रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. नवसाच्या ताटासमोर मरण मागणाऱ्याची गोष्ट काढणं अशुभ, म्हणून सगळे ती गाळतात. डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "गोष्ट जिथं उडी मारते ना, तिथं जरा थांबून बघा."

मी रागातच बाहेर पडले. परतताना कासारवाडीच्या पुढे बस बंद पडली. चैताचं ऊन, डांबर नुसतं चिकचिकत होतं. पायी निघाले. रस्त्यालगत नव्या कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, सावलीचं नाव नाही. मध्येच एक बाभूळ दिसली, तिच्याखाली बसले ती उठवेचना. मनात म्हटलं, पुरे झालं आता. आई नाही, आवाज नाही, मला तरी कशाला ठेवलंस, ने एकदाचं. आणि तशीच आडवी झाले.

कुणीतरी खांदा हलवला. डोक्यावर टोपलं घेतलेली एक म्हातारी होती. बांधकामावर लेकाला भाकरी घेऊन निघाली असावी. "ऊठ बाई, खा वाईच," म्हणत तिनं भाकरी आणि लसणीची चटणी हातावर ठेवली, तांब्या पुढे केला. मी दोन घोट पाणी प्यायले आणि पुन्हा डोळे मिटले. इतकी गळून गेले होते की लाजही वाटली नाही. ती गेली नव्हती. थोड्या वेळानं तिनं पुन्हा हलवलं. "आगं खा की! न्हाई खाल्लंस तर चालशील कशी? लांब जायाचं हाय तुला."

मी भाकरी मोडली, घास चावला, आणि अंगावर सरसरून काटा आला. त्या झुडपाखाली एलियाहूलाही दूतानं असंच दोनदा उठवलं होतं. भाकरी दिली होती, पाणी दिलं होतं, आणि पल्ला लांबचा आहे म्हणून खा म्हटलं होतं. मी वर पाहिलं. मी पाणी पिऊन तांब्या कधी परत देते याची वाट बघत म्हातारी उभी होती, घामाघूम, साधीसुधी. "आजी, तुम्ही कुठल्या?" मी कुजबुजले. "हितलीच," ती म्हणाली, आणि लेक उपाशी असंल म्हणत लगबगीनं गेली. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. डॉक्टर एक सांगतील, माझी मावशी दुसरं. मी भाकरी खाल्ली आणि चालत घरी आले एवढं खरं.

आवाज काही परतला नाही. तरी मी मावशीला सांगितलं, कीर्तन करीन, कुजबुजत करीन, आणि झुडपाची गोष्टही सांगीन. ती कडाडली, "काय बोलतंस गो! मी परमुलखात चालले, आणि तू मरणाची गोष्ट काढतंस?" मी म्हटलं, "मावशी, आपण त्याला नेहमी रथात बसवतो. तो रडला तेव्हा कुणी जवळ बसत नाही."  मावशी पदर नीट करून म्हणाली, "सांग तर. बघू."

मलिद्याला घर भरलं होतं. मी सुरुवात केली तशी मागची माणसं पुढे सरकली. पंखा बंद केला. पेटीवाल्यानं आपण होऊन भाता सोडला. मी झुडूप सांगितलं, भाकरी सांगितली. मग त्या भाकरीच्या बळावर एलियाहू देवाच्या डोंगरापर्यंत कसा चालला ते सांगितलं. तिथे डोंगर फोडणारा वारा सुटला, वाऱ्यात देव नव्हता. भूकंप झाला, त्यातही नव्हता. आग आली, आगीतही नव्हता. आणि आगीनंतर अगदी हळू, कान दिला तरच कळेल असा एक आवाज आला. तो आवाज ऐकून एलियाहूनं तोंड झाकून घेतलं.

इथे मी थांबले. कीर्तनात आख्यान असं थांबलं की सगळ्यांनी मोठ्यानं 'आमेन' म्हणायचं असतं. कुणीच म्हणेना. मग मावशी म्हणाली, अगदी हळू, माझ्याच कुजबुजीत, "आमेन." एकेक करून सगळं घर तसंच कुजबुजलं. इतक्या दिवसांत माझ्याशी माझ्या आवाजात कुणी बोललं नव्हतं. आणि मी ओरडले, "आई गं!"

चाळीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं म्हणे. मी ढसाढसा रडत होते आणि मावशी मला छातीशी धरून म्हणत होती, "रड गो बाय, रड. आली तुझी आई, तुझ्या आवाजात आली."