साळूबाईची आंब

१९७१ सालच्या जूनमध्ये माझी बदली शिवऱ्याच्या शाळेत झाली आणि कोंडिबांच्या घराची रस्त्याकडची खोली मला राहायला मिळाली. साळूबाई त्यांची बायको. चाळिशीची, काटक, शेतात दोन माणसांचं काम एकटी उरकणारी. बोलताना मात्र पदराचं टोक ओठांवर दाबून धरायची. मला वाटलं, शाळेच्या बाईपुढं संकोचत असेल.

एका दुपारी ती रानातून तापून आली म्हणून मी माठातल्या गार पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं एक घोट घेतला आणि कळ मस्तकात जाऊन मटकन खालीच बसली. पदर सुटला. तेव्हा मी तिचे दात पाहिले. ते किडलेले नव्हते, मिश्रीनं काळे पडलेलेही नव्हते. ते झिजले होते. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार झाल्या होत्या आणि दाढांच्या माथ्यावर पिवळे खळगे पडले होते.

“मावशी, हे कधीपासून?”

तिनं घाईनं पदर सावरला. “भागी न्हेतीया,” ती म्हणाली. “येकदम न्हाई. समद्यातलं थोडं थोडं न्हेतीया.”

आणि उठून गोठ्याकडं गेली.

भागी कोण, हे संध्याकाळी कोंडिबांनी सांगितलं. भागूबाई म्हणजे साळूबाईची धाकटी बहीण, विंझरला ज्ञानूच्या घरी दिलेली. पाच वर्षांपूर्वी पौषात पोटदुखीनं गेली. साळूबाई तेव्हा तिच्या उशाशी होती. “तवापास्नं ही अशी हाय,” कोंडिबा म्हणाले. “आमी इचारलं की गप ऱ्हाती. शेजारची ठकुबाई म्हनती, बहिनीचा जीव हिच्यात आडकलाय. आता म्या काय बोलू?”

शिवऱ्याच्या आसपास साळूबाईचं नाव होतं ते आंबेमुळं. हरभरा फुलावर आला की थंडीत त्याच्या पानांवर एक आंबट दव धरतं. अंधार पडायच्या आत धुतलेलं पातळ धडपं झाडांवर अंथरायचं आणि दिवस उगवायच्या आधी ते भिजलेलं फडकं बाटलीत पिळायचं. तीच आंब. काचेतच ठेवायची, पितळेला लावली तर कळकते. पोट फुगलं, अन्न जिरलं नाही की पाण्यातून चमचाभर द्यायची. वेल्ह्याकडच्या भाताच्या मुलखात हरभरा कमी, म्हणून तिकडची माणसंही नसरापूर फाट्यावर एसटी बदलून तिच्याकडं यायची. ती बाटली द्यायची, पण देताना घेणाऱ्याकडं बघायची नाही. पूर्वी तसं नव्हतं म्हणे.

त्या पौषात मी एकदा पहाटे तिच्या मागोमाग रानात गेले. मला आंब कशी काढतात ते बघायचं होतं. धुकं एवढं होतं की हमरस्त्यावरून जाणारा ट्रक नुसता ऐकू यायचा. हरभऱ्यावर पांढरी धडपी पसरलेली होती. एकच धडपं हिरवट होतं, जुन्या लुगड्याचं; ते लुगडं भागीचं, हे मला पुढं कळलं. साळूबाईनं ते सगळ्यात शेवटी उचललं. पिळून आंब वाटीत घेतली आणि ती तशीच, पाणी न घालता, तोंडात ओतली. गिळली नाही. गाल फुगवून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी किती वेळ मोजला नाही, पण पूर्वेला तांबडं फुटेपर्यंत ती तशीच होती. मग तिनं घोट गिळला आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघून हळूच म्हणाली, “आंबट हाय व्हय? धर. जरा धर तोंडात.”

तिथं कुणी नव्हतं. तरी मला मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

त्यानंतर तिनं ओच्यातून राखुंडी काढली आणि बोटानं खसाखसा दात घासले.

बहात्तरला पाऊस गेला. त्या थंडीत हरभरा उगवलाच नाही, तर आंब कुठली? मला वाटलं, आता तरी थांबेल. पण फळीवर जुन्या बाटल्या होत्या. मुरलेली आंब तांबूस होते, आणखी जहाल होते. ती रोज पहाटे त्यातलीच घेई. भाकरी चावणं बंद झालं, कालवणात कुस्करून गिळायची. कढत चहा सोसेना, गार पाणी सोसेना. गार वारा सुटला तरी तोंड झाकून घ्यायची.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत नसरापूरला दातांचं शिबिर भरलं. पुण्याहून डॉक्टर आले होते. मी शाळेची मुलं घेऊन जाणार होते. साळूबाई यायला तयार नव्हती, कोंडिबांनीच तिला हाताला धरून एसटीत बसवलं.

तपासणारी डॉक्टरीण तरुण होती, पण उतावळी नव्हती. तिनं आरशाच्या काडीनं साळूबाईचे दात आतून बाहेरून पाहिले आणि विचारलं, “मावशी, तुम्ही रोज काहीतरी फार आंबट तोंडात धरता. काय ते?”

साळूबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी काहीच सांगितलं नव्हतं.

“आंब,” ती म्हणाली.

“आणि नंतर?”

“राखुंडी लावते.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. “दातावर एक टणक आवरण असतं. एनॅमल म्हणतात त्याला. अंगात त्याच्याइतकं टणक दुसरं काही नाही. पण आंबट लागलं की ते घटकाभर मऊ पडतं. तोंडातली लाळ त्याला परत घट्ट करते, तिला वेळ मात्र द्यावा लागतो. तुम्ही तो देत नाही. मऊ पडलेलं आवरण लगेच राखेनं खरवडून काढता. किती वर्षं?”

“आठ.”

“का घेता?”

खोलीत बाहेरच्या मुलांचा गलका येत होता. साळूबाईनं पदर खाली सोडला. मी तिला ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच ती कुणाशी तोंड न झाकता बोलली.

“हे दगडावानी दात जर ती इरघळवती,” तिनं विचारलं, “तर मान्साचं आतडं इरघळवीत आसंल ना?”

“नाही मावशी. पोटात त्याहून जहाल आम्ल रोजच असतं. कुणाच्या आतड्याचं विचारताय?”

मग साळूबाईनं सांगितलं. भागीच्या पोटात कळ उठली तेव्हा निरोप आला, म्हणून ती आंबेची बाटली घेऊन विंझरला गेली. आधी बेंबीपाशी दुखत होतं, मग उजवीकडं खाली. ताप होता, उलट्या होत्या. तिनं दोन दिवस आंब पाजली. भागी तोंड वाकडं करायची, म्हणायची, आक्का, लई आंबट हाय गं. हिनं तिची हनुवटी धरून ठेवली होती. धर, जरा धर तोंडात, हळूहळू गिळ. तिसऱ्या दिवशी दुपारी कळ एकदम थांबली. भागी हसली. म्हणाली, आक्का, तुज्या आंबेनं बरं वाटलं बग. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली.

“कुनी मला येक शबुद बोललं न्हाई,” साळूबाई म्हणाली. “उलटं मयताला आलेल्या बायका म्हनल्या, आक्कानं लई केलं. म्या मनात म्हनलं, आंबेनं ती मेली आसंल तर मला बी मरू दे. म्हनून घेते. मरन काय येत न्हाई. पर म्या घोट धरला की ती हितं येऊन हुबी ऱ्हाती. काय बोलत न्हाई. नुसती बगती.”

डॉक्टरीणबाईंनी हातातली काडी खाली ठेवली. “मी दातांची डॉक्टर आहे, मावशी. पण तुम्ही सांगता त्यावरून ते अपेंडिक्स असावं. आतड्याला एक शेपटी असते, ती सुजते. फुटली की थोडा वेळ दुखायचं थांबतं, आणि विष पोटभर पसरतं. त्याला ऑपरेशनच लागतं.”

“म्हंजे आंबेनं मेली न्हाई?”

“नाही.”

“आन् आंबेनं वाचनार बी नव्हती.”

“नाही.”

“मंग म्या तितं तीन दिस काय करत हुते?”

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला.

निघताना त्यांनी पेस्टची एक ट्यूब दिली. “यात फ्लोराइड म्हणून औषध आहे. गेलेलं आवरण परत येणार नाही, ते मी खोटं सांगणार नाही. पण जे उरलंय ते याने जरा घट्ट राहील, आंबटाला लवकर दाद देणार नाही. राखुंडी बंद. आंब बंद. काही आंबट खाल्लंच तर आधी साध्या पाण्यानं चूळ भरा, लगेच घासू नका.”

एसटीत साळूबाईनं ट्यूब दोन्ही हातांत धरली होती. नसरापूर मागं पडल्यावर म्हणाली, “बाई, मला विंझरला यायचंय. ज्ञानूला सांगाया पायजे. येकटीनं जमायचं न्हाई.”

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. ज्ञानूचं घर गावाच्या कडेला होतं. त्यानं दुसरं लग्न केलं नव्हतं. तेरा-चौदा वर्षांची मुलगी रतन अंगण सारवत होती. भागीसारखीच दिसते, असं साळूबाई मला पुटपुटली आणि तिकडं बघायचं टाळून आत गेली.

आत फळीवर तिचीच बाटली होती. आंब तळाला गेलेली, तांबडी.

“गावात कुनाचं पोट दुखलं की देतो,” ज्ञानू म्हणाला. “भागीला गुन आला हुता.”

साळूबाई खाली बसली. तिनं सगळं सांगितलं, डॉक्टरीण काय म्हणाली तेही. ज्ञानू ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, आता हा ओरडेल किंवा हिला घराबाहेर काढील. तो उठून दारापाशी गेला. आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

“आक्का,” तो म्हणाला, “त्या दिशी म्या गाडी जुपली हुती.”

“कंची गाडी?”

“बैलगाडी. दवाखान्यात न्यायला. गाडीत पेंढा घातला हुता, वर घोंगडं टाकलं हुतं. तिला उचलाया आत आलो तर ती हसली. बरं वाटतंय म्हनली. म्या बाहीर गेलो आन् बैलं सोडली.” तो थांबला. “तुमी परसाकडं हुता. तुमाला दिसलं न्हाई. म्या कुनालाच सांगितलं न्हाई. आंबेनं तिला बरं केलं, मंग देवानं न्हेली, आसं म्हनलं की मला ऱ्हायाला जमायचं. म्हनून ती बाटली वर ठिवलीय.”

बाहेर रतनच्या सारवण्याचा आवाज येत होता. साळूबाई उठली, तिनं बाटली फळीवरून काढली आणि ज्ञानूकडं पाहिलं. तो म्हणाला, “आसू द्या, आक्का. येवढ्यात नगं.” तिनं ती परत ठेवली.

जेवूनच जा असा त्यानं आग्रह केला. रतननं भात वाढला, मऊ शिजवलेला. मावशीच्या दातांचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती बघत असावी.

त्यानंतर साळूबाईनं आंब पिणं सोडलं. ट्यूब संपत आली की मी पुण्याहून आणायची. ती बोटावर हरभऱ्याएवढी पेस्ट घेऊन हलक्या हातानं लावायची, आणि तोंडाला फेस आला की पोरीसारखी संकोचायची. वर्षभरात कळा कमी झाल्या, कोमट चहा जमू लागला. दात वाढले नाहीत. दोन दाढा पुढं काढाव्याच लागल्या.

आंब काढणं तिनं बंद केलं नाही, लोक येतच होते. पण बाटली हातात द्यायच्या आधी ती माणसाला समोर बसवायची. कुठं दुखतंय? ताप हाय का? बोटानं दाखव. बोट उजवीकडं खाली गेलं की ती बाटली मागं घ्यायची आणि म्हणायची, “हे माजं काम न्हाई. भोरला जा. आत्ताच्या आत्ता जा, दुखायचं थांबलं तरी जा.” कामथडीचा एक म्हातारा गेनबा तिच्यावर चिडला होता, फुकटचा हेलपाटा घालते म्हणून. तरी तिनं त्याला एसटीत बसवलं. त्याच्या पोटात काहीच निघालं नाही. तो गावभर तिला नावं ठेवत फिरला, ती ऐकून घेत राहिली.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात माझी बदली झाली. सामान बांधताना ती माझ्या खोलीत येऊन बसली. मी विचारलं, “मावशी, भागी अजून येते का?”

“येती,” ती म्हणाली. “थंडीत, धुकं आसलं की. पयल्यासारखी समोर हुबी ऱ्हात न्हाई. बांधावर बसती, माज्याकडं पाठ करून.”

“भीती वाटते?”

“न्हाई. पर हाक मारावी का न मारावी, ते आजून कळत न्हाई.”

मग तिनं माझ्या वळकटीची दोरी हातात घेतली आणि गाठ घट्ट आवळून दिली.