बांदन

दोन हजार पाच सालच्या जूनमध्ये मी मुलाकडे फेल्डहोवन या डच गावी होतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण सातारा रोडला टायरचं दुकान चौतीस वर्षं चालवलं, पंक्चरपासून रिमोल्डपर्यंत सगळं केलं, त्यामुळे टायरच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. मुलाचंही नाही. मुलगा इंजिनिअर आहे.

शनिवारी त्याच्या गाडीने पॅरिसला जायचं ठरलं होतं. गाडी जुनी घेतलेली. आधीच्या रविवारी दुपारी मी तिच्याभोवती सहज एक फेरी मारली, तर मागच्या डाव्या टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा.

"मी यात बसणार नाही," मी सांगून टाकलं.

"बाबा, गेल्या महिन्यात तपासणी झालीये. इथे उगाच पास करत नाहीत."

"मग त्या तपासणीवाल्याला ने माझ्या जागी."

"हा काय सातारा रोड आहे का?"

"टायरला काय कळतं रोड कुठला ते."

सून म्हणाली, "बाबा, ही टॉवर बघायचा म्हणून रोज दिवस मोजतेय." ही म्हणजे माझी नात, सात वर्षांची. मी म्हटलं, "तुम्ही दोघं खुशाल जा. पोरगी माझ्याजवळ राहील." सून ताटं मांडायला उठली. जेवणं घुश्श्यातच झाली.

आठ वाजले तरी बाहेर लख्ख ऊन होतं. मुलाने टीव्हीवर मोटारींची शर्यत लावली. अमेरिकेतलं इंडियानापोलिस शहर. तिथे म्हणे बास्केटबॉलचा पगारी संघ आहे, त्यांच्या त्या हाताने खेळायच्या फुटबॉलचाही आहे, पण शहराचं नाव झालं ते या ट्रॅकमुळे. हे तो मला सांगत होता की टीव्हीला, ते कळलं नाही. मी ऐकलं.

डच समालोचक सारखा एकच शब्द घेत होता. बांदन, बांदन.

"बंद आहे का आज तिथे?" मी विचारलं.

मुलगा दुपारपासून पहिल्यांदा हसला. "बांदन म्हणजे टायर, बाबा. बंद नाही." नात तर लोळूनच हसली. "आजोबा म्हणतात बंद!"

गाड्यांनी एक फेरी घेतली आणि सुरुवातीच्या रेषेवर यायच्या ऐवजी एकामागून एक आत, गॅरेजकडे वळल्या. चौदा गाड्या. रस्त्यावर उरल्या सहा.

"बघ," मी म्हटलं, "बंदच आहे."

मुलाने आवाज वाढवला, थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाला की दोन कंपन्यांचे टायर असतात, त्यातल्या एका कंपनीने स्वतःच सांगितलंय, आमच्या टायरवर तिथलं ते कलतं वळण वेगात घेऊ नका. शुक्रवारी एक गाडी तिथेच भिंतीवर गेली होती.

"कुठला टायर गेला?"

त्याने टीव्हीकडेच बघत सांगितलं, "मागचा डावा."

मी केळं सोलायला घेतलं. स्टँडमधून लोक बाटल्या फेकत होते.

"लोक किती लांबून आलेत," मुलगा म्हणाला. "त्या वळणावर हळू घ्यायचं ना."

"हळू घेणारा शर्यतीला कशाला येईल?"

सहा गाड्या गोल गोल फिरत राहिल्या. त्यांत एक डच होता, म्हणून समालोचक खुशीत होता. मला त्यात राम वाटला नाही, मी केळं खाऊन उठलो. मुलाने शेवटपर्यंत पाहिली.

बुधवारी तो ऑफिसातून लवकर आला. "बाबा, चला," एवढंच म्हणाला. नात मागे बसली, मी पुढे. टायरवाल्याचं दुकान जवळच होतं, तेवढ्यापुरता बसलो. टायरवाल्याने फुग्यावर अंगठा दाबला, मी दाबायचो तसाच, आणि खांदे उडवत, हसत बराच वेळ बोलला. मुलगा नुसता हो हो करत होता.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, बदललेला बरा."

एवढं लांबलचक बोलणं आणि मराठीत तीन शब्द. मी खोदून विचारलं नाही. मागचे दोन्ही टायर नवे बसले. नट मी स्वतः तपासले, त्या माणसाने पाना हातात दिला.

परत निघालो तर मागून नात म्हणाली, "आजोबा, पण ॲक्चुअली तो अंकल म्हणाला ना, की जुना पण..."

मुलाने आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"आधी पट्टा लाव," मी म्हटलं, आणि माझाही लावला.