भाकरीचं फडकं

आदिलाबादच्या बसस्टँडमागचा तो मिस्त्री मोटरसायकलचे शॉकअप नरम केले, की स्वतः मागं बसून पाहायचा. बोलणं एवढंच, ‘चाला, पाहू.’

त्या दिवशी मला बायकोला आणि सव्वा महिन्याच्या लेकीला माहेराहून तामसीला घरी आणायचं होतं; मिस्त्रीलाही मी तेच सांगितलं. सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

‘वहिनी एका अंगानं बसन ना?’ म्हणत तो मिशाळ गडी बाईसारखा आडवा बसला. मांडीवर त्याच्या भाकरी गुंडाळलेलं फडकं. रस्त्यावरचे लोक हसले, त्याला फिकीर नव्हती.

मावला गावाच्या रस्त्यानं गाडी अशी तरंगत निघाली, की मी मोठ्यानं गाऊ लागलो. तेवढ्यात खड्डा आला. आरशात पाहिलं, तर त्यानं फडक्याच्या एका टोकाखाली तळहात धरलेला.

‘वापस घ्या,’ तो म्हणाला. ‘अजून नरम करतो. पोरीची मान कच्ची हाये.’